सुडोकूचं उत्तर छापता, तसं ‘का’ ते पण छापा

मा. संपादक यांना,
स. न. वि. वि.

आपला पेपर आमच्या घरी माझ्या लग्नाच्या आधीपासून येतो आणि गेली बरीच वर्षं मी सकाळी पेपर हातात आला की आधी सुडोकूचं पान उघडते, बातम्या नंतर. आजपर्यंत पेपरला कधी पत्र लिहिलं नव्हतं, पण गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्या कट्ट्यावर जे बघितलं त्यावरून वाटलं की हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून लिहितेय. पत्र मोठं झालंय, तरी पूर्ण वाचा ही विनंती.

आम्ही सहकारनगरला राहतो. सोसायटीच्या गेटच्या आत झाडाखाली सिमेंटचे दोन बाक आहेत, तळजाईवरून फिरून आलेली मंडळी तिथे टेकतात, कुणीतरी पेपर आणलेला असतो. त्यात एसटीतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांनी दिवाळीनंतर सुडोकू हातात घेतलं. रोज पेनने सुरू करायचे आणि रोज अर्ध्यावर पेपरची घडी घालून उठायचे, ‘हे गणितवाल्यांचं काम आहे, आपलं नाही’ म्हणून. एक दिवस मी शेजारी बसून नुसतं बघत होते. त्यांनी उजवीकडच्या बॉक्समध्ये, म्हणजे तीन बाय तीन घरांच्या छोट्या चौकोनात, एक ६ टाकला, मी विचारलं,

“काका, हा सहा इथे का?”

“बसतोय की. आडवा बघ, सहा नाही. उभा बघ, नाही. बॉक्समध्ये पण नाही.”

“पण खालच्या घरात पण बसतोय ना?”

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. “हो, तिथे पण बसतोय.”

“मग इथेच कशावरून?”

“अगं मग टाकायचा कुठे?”

“अजून कुठेच नाही. आत्ता सोडून द्यायचा आणि पुढे जायचं.”

संपादक साहेब, मला सांगायचंय ते सगळं ह्या चार ओळींत आहे. सुडोकू नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं गाडं इथेच अडतं. आकडा ‘बसतोय’ म्हणजे तो तिथे ‘बसलाच पाहिजे’ असं नाही. बसतोय असे आकडे सुरुवातीला एकेका घरात चार-चार असतात. लिहायचा तो आकडा, जो दुसरीकडे कुठे बसूच शकत नाही, किंवा ज्या घरात दुसरा कुठला आकडा जाऊच शकत नाही. बाकी सगळं थांबवून ठेवायचं. हे एवढंसं वाक्य त्या काकांना तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण, पेपरात रोज कोडं येतं, त्यावर सोपं मध्यम कठीण असं लिहिलेलं असतं, दुसऱ्या दिवशी ८१ आकड्यांचं उत्तर येतं, पण तो आकडा तिथे का आला हे कुठेच नसतं.

आणि अंदाजाने टाकलेला आकडा लगेच चुकीचा दिसत नाही, खरा त्रास तोच आहे. त्या दिवशी काकांनी तो ६ तसाच ठेवला, पुढे वीसेक आकडे भराभर भरले, खूश होते, आणि मग सातव्या उभ्या ओळीत दोन ६ आले. मला विचारतात, ह्यातला कुठला चुकला? आता काय सांगणार, कदाचित दोन्ही बरोबर नव्हते, कारण चूक झाली वरच्या बॉक्समध्ये अर्ध्या तासापूर्वी आणि दिसली खाली, मधले वीस आकडे त्या चुकीच्या सहाच्या जिवावर लिहिलेले, सगळे पेनने. म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्यांना एक शिसपेन्सिल आणि खोडरबर आणून दिलं आणि आम्ही पहिल्यापासून सुरू केलं.

जे कट्ट्यावर सांगते तेच इथे लिहिते, कारण माझी खात्री आहे की आपल्या वाचकांत असे शेकडो काका-काकू असणार.

पहिली गोष्ट, हे गणित नाही. मी आयुष्यभर हिशेब खात्यात काम केलं, तेव्हा हे मी जबाबदारीने सांगते. १ ते ९ च्या जागी क ख ग घ च छ ज झ ट लिहा, कोडं तसंच्या तसं सुटेल. बेरीज-वजाबाकी लागत नाही, लागतं ते नुसतं बघणं. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या ओळी, नऊ बॉक्स, म्हणजे सत्तावीस ठिकाणी प्रत्येक आकडा एकदाच. सुडोकू हे नाव जपानी आहे, ते ज्या जपानी वाक्यावरून छोटं केलंय त्याचा अर्थ साधारण ‘आकडे एकटेच असले पाहिजेत’ असा आहे, आणि त्यातला ‘एकटा’ हा शब्द लग्न न झालेल्या माणसासाठी वापरतात तो. कट्ट्यावरच्या एका काकूंना हे सांगितल्यावर नियम एकदम डोक्यात बसला, एका ओळीत एका आकड्याला जोडीदार मिळणार नाही.

आता सुरुवात कुठून करायची. नवीन माणूस एखादं रिकामं घर पकडतो आणि ह्यात काय येईल ह्याचा विचार करत बसतो. उलटं करा, घर पकडू नका, आकडा पकडा. कोड्यात जो आकडा सगळ्यात जास्त वेळा छापलेला आहे तो घ्या, समजा ९ आहे. वरचे तीन बॉक्स बघा. डावीकडच्या बॉक्समध्ये ९ पहिल्या ओळीत आहे, उजवीकडच्यात दुसऱ्या ओळीत आहे. मग मधल्या बॉक्सचा ९ पहिल्या ओळीत येणार नाही, दुसऱ्या ओळीत येणार नाही, म्हणजे तिसऱ्या ओळीतच आला पाहिजे. मधल्या बॉक्सच्या तिसऱ्या ओळीत तीन घरं, त्यातल्या पहिल्यात २ छापलेला आहे, उरली दोन, म्हणजे कोड्याच्या पाचव्या आणि सहाव्या उभ्या ओळीतली. आता सहाव्या उभ्या ओळीतून खाली नजर टाका, पार खाली आठव्या आडव्या ओळीत एक ९ बसलाय. झालं, सहावी उभी ओळ बाद, ९ पाचव्या घरातच. इथे ‘बसतोय’ हा शब्द पण वापरायचं कारण नाही, दुसरी जागाच नाहीये.

आणि गंमत पुढे आहे. मधल्या उभ्या पट्ट्यात वरच्या बॉक्सचा ९ आता पाचव्या उभ्या ओळीत, खालच्या बॉक्सचा सहाव्या उभ्या ओळीत, मग एकदम मधल्या बॉक्सचा ९ चौथ्या उभ्या ओळीतच यायला हवा. तिथल्या तीन घरांतली दोन भरलेली असली तर तो पण लागला. एक आकडा सापडला की तो लगेच दुसऱ्याला बोलावतो, म्हणून प्रत्येक आकडा लिहिल्यावर पळायचं नाही, त्याची आडवी ओळ, उभी ओळ आणि बॉक्स परत एकदा बघायचं आणि मगच पुढे. सोप्या पातळीचं कोडं बहुतेक वेळा एवढ्यावर संपतं, खरंच सांगते.

हे करून थांबलं की मग घर पकडायचं, आणि ते पण असं घर ज्याच्या आजूबाजूला गर्दी आहे. समजा एका रिकाम्या घराच्या आडव्या ओळीत १, ४, ९ आहेत, उभ्या ओळीत २, ६, ७ आहेत आणि बॉक्समध्ये ३ आणि ५. आठ आकडे बाद झाले, राहिला ८, दुसरं काही येऊच शकत नाही. असं घर सहज दिसत नाही कारण आकडे तीन दिशांना विखुरलेले असतात, त्यामुळे मी काकांना बोटाने १ ते ९ मोजायला सांगते, एक आहे, दोन आहे, तीन आहे, असं तोंडाने. लहान मुलांसारखं वाटतं म्हणून लोक करत नाहीत, पण त्याने चूक होत नाही.

पेन्सिलच्या बारीक आकड्यांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण ह्यात फार गोंधळ असतो. काहीजण सुरुवातीलाच प्रत्येक रिकाम्या घरात शक्य असलेले सगळे आकडे बारीक अक्षरात लिहून ठेवतात. कागद मुंग्या लागल्यासारखा होतो आणि मग त्यात काहीच दिसत नाही. माझी पद्धत वेगळी आहे, खरं म्हणजे माझी नाही, थॉमस स्नायडर म्हणून अमेरिकेचा खेळाडू आहे, २००७, २००८ आणि २०११ असा तीनदा वर्ल्ड चॅम्पियन, त्याच्या नावाने ती ओळखली जाते. एखादा आकडा एका बॉक्समध्ये फक्त दोनच घरांत जाऊ शकत असेल, तरच त्या दोन घरांच्या कोपऱ्यात तो बारीक लिहायचा. तीन जागा असतील तर काही लिहायचं नाही. एवढीच शिस्त. कागद स्वच्छ राहतो आणि जे लिहिलंय त्याला किंमत राहते. नंतर त्या दोनातली एक जागा दुसऱ्या कारणाने गेली की दुसऱ्या जागी आकडा आपोआप पक्का.

आणि ह्या बारीक आकड्यांतूनच जोड्या दिसायला लागतात, मध्यम पातळीची कोडी सुटतात ती ह्याच्यावर. आमच्या काकांना मी हे पीएमटीच्या भाषेत सांगितलं (म्हणजे पुण्याची सिटी बस, आम्ही अजून पीएमटीच म्हणतो). स्वारगेटला बस लागली, दोघांनी खिडकीतून दोन सीटवर रुमाल टाकले. आता दोघांतला खिडकीपाशी कोण बसणार हे आपल्याला माहीत नाही, पण त्या दोन सीटवर तिसरा बसणार नाही हे नक्की. तसंच एका बॉक्समध्ये ३ ला दोनच जागा आहेत आणि ८ ला पण त्याच दोन जागा आहेत, तर ती दोन घरं ३ आणि ८ ची झाली, त्यांचे रुमाल पडले. कोण कुठे ते नंतर कळेल. समजा त्या बॉक्समध्ये पाच घरं रिकामी होती आणि १, ३, ५, ७, ८ यायचे होते, तर दोन घरं धरली गेल्यावर उरली तीन आणि आकडे उरले १, ५, ७. मघाशी ७ ला रुमालवाल्या घरातली जागा पण शक्य वाटत होती म्हणून तो ठरत नव्हता, आता ती गेली, उरलेल्या तीनातली दोन घरं ज्या उभ्या ओळीत आहेत तिथे वरती ७ आहेच, म्हणजे ७ तिसऱ्या घरात. आपण ३ आणि ८ कुठे हे न ठरवता ७ मिळवला. काकांनी पहिल्यांदा हे स्वतः पकडलं त्या दिवशी त्यांनी बाकावर हात मारला आणि “रुमाल पडला!” म्हणून ओरडले, वॉचमन बघायला आला काय झालं म्हणून. आता आमच्या कट्ट्यावर जोडीला रुमालच म्हणतात.

तशीच अजून एक गोष्ट, की एका बॉक्समधले बारीक लिहिलेले दोन्ही ४ जर एकाच आडव्या ओळीत शेजारी-शेजारी आले, तर त्या दोनातला कुठलाही खरा असो, त्या ओळीचा ४ तिथे खर्च झाला, मग त्याच ओळीत शेजारच्या बॉक्समध्ये ४ चा विचार करायचा नाही. हे वाचायला किचकट वाटतं, कागदावर बोट ठेवून बघितलं की दोन मिनिटांत कळतं. ह्याच्या पुढे एक्स-विंग वगैरे मोठ्या नावाच्या युक्त्या आहेत पण त्या कठीण कोड्यांसाठी, नवीन माणसाने त्यांच्या नादी लागूच नये.

हिशेबवाल्या लोकांसाठी एक सूचना. १ ते ९ ची बेरीज ४५ होते, त्यामुळे ओळीत एकच घर उरलं असेल तर बाकीच्यांची बेरीज ४५ मधून वजा करून काहीजण आकडा काढतात, चालतं. पण भरलेली ओळ तपासायला ४५ वर विसंबू नका. ४ आणि ६ च्या जागी चुकून दोन ५ लिहिले तरी बेरीज ४५ च येते. टोटल जुळली म्हणजे एंट्री बरोबर असं आमच्याकडे पण कधी धरत नव्हते.

लोक विचारतात की अंदाज न लावता प्रत्येक कोडं सुटतंच कशावरून. तर नीट बनवलेल्या सुडोकूला एकच उत्तर असतं, ते बनवणाऱ्याने आपल्याला दिलेलं वचन आहे. सगळा तक्ता वेगवेगळ्या प्रकारे किती रीतीने भरता येतो हे २००५ मध्ये गणितज्ञांनी काढलं, ती संख्या बावीस आकडी आहे, सहाच्या पुढे एकवीस आकडे. त्यातून छापलेले पंचवीस-तीस आकडे आपल्याला बरोबर एकावर आणून सोडतात. २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर ह्यांच्या टीमने कॉम्प्युटरवर सगळं तपासून दाखवलं की १७ पेक्षा कमी आकडे दिले तर एकच उत्तर येईल असं कोडं बनतच नाही. म्हणजे एका उत्तरापर्यंत न्यायचं काम छापलेले आकडेच करतात, म्हणून अडकलात तर नवीन आकडा मनाने टाकण्याऐवजी छापलेल्यांकडे परत बघा, एखाद्याचं काम तुम्ही अजून करून घेतलेलं नसतं. आणि अजून एक गैरसमज, जास्त आकडे दिले म्हणजे कोडं सोपं असं नसतं, कमी आकड्यांची सोपी कोडी मी सोडवली आहेत आणि तीस आकड्यांच्या कोड्याने मला दोन दिवस छळलंय.

आता तुमच्याकडे येते. हे कोडं पहिल्यांदा छापलं १९७९ साली अमेरिकेत, डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात, हॉवर्ड गार्न्स नावाच्या आर्किटेक्टने बनवलेलं, तेव्हा नाव वेगळं होतं. १९८४ मध्ये जपानच्या निकोली कंपनीने ते उचललं, माकी काजी ह्यांनी नाव दिलं. पण तुमच्या-माझ्यापर्यंत ते आणलं वर्तमानपत्रांनी. हाँगकाँगमध्ये न्यायाधीश असलेले वेन गूल्ड रिटायर झाल्यावर जपानमध्ये फिरताना त्यांना पुस्तकाच्या दुकानात हे दिसलं, त्यांनी सहा वर्षं खपून कोडी बनवायचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला आणि १२ नोव्हेंबर २००४ ला लंडनच्या टाइम्सने पहिलं कोडं छापलं. तिथून जगभरच्या पेपरांनी घेतलं, तुम्ही पण घेतलंत. ज्या पेपरांनी हे घराघरात नेलं त्यांनीच ते सोडवायला शिकवावं असं मला मनापासून वाटतं. शब्दकोडं आम्हाला आई-वडिलांकडून आलं, शेजारी बसून विचारत विचारत शिकलो, ‘तीन अक्षरी, शेवटी ळ’ असं स्वयंपाकघरात ओरडून विचारायचो. सुडोकूला तसं शिकवणारं मागच्या पिढीचं माणूसच नाहीये, माझ्या वयाच्या लोकांना तर नाहीच.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत आणि तिन्हीला खर्च जवळपास नाही. रविवारच्या अंकात, शनिवारच्या कोड्याच्या उत्तराशेजारी, त्याच कोड्यातले पहिले चार-पाच आकडे कसे सापडले ते चार-पाच ओळींत द्या. ‘तिसऱ्या ओळीत ९ कारण’ असं. नियम नकोत, ते सगळ्यांना माहीत आहेत, कारण द्या. दुसरं म्हणजे कोड्याचा चौकोन थोडा मोठा छापा, हल्ली जाहिरात आली की तो इतका आक्रसतो की घरात बारीक आकडा लिहायला जागाच राहत नाही, आणि वर सांगितलेलं सगळं त्या बारीक आकड्यांवर चालतं, साठीनंतरच्या डोळ्यांचा तरी विचार करा. आणि तिसरं, सोमवारी सगळ्यात सोपं आणि मग शनिवारपर्यंत चढत जाणारं असा क्रम ठेवा. आत्ता सोमवारी कठीण येतं, नवीन माणूस आठवड्याच्या पहिल्याच दिवशी हात टेकतो आणि मंगळवारी पेपर उघडून बघत पण नाही.

काकांनी काल मध्यम पातळीचं कोडं पूर्ण केलं, चहाच्या दोन कपांत, खोडरबर एकदाच वापरलं. शेवटी तीन घरं राहिली होती, मी बोट दाखवायला गेले तर माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, थांब, सांगू नकोस. त्यांच्या शेजारच्या काकूंनी आजपासून सुरू केलंय, त्यांच्यासाठी मी आज संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातून अजून एक पेन्सिल आणणार आहे. पुढच्या रविवारी पेपरात काही येतंय का ते आम्ही सगळे बघतोच आहोत.

कळावे,
आपली एक रोजची वाचक
सहकारनगर, पुणे